भोगीच्या भाजीची करंजी : वाचकांचे प्रश्न

डिसेंबरच्या अंकात मटारच्या करंजीचा ओझरता उल्लेख आला होता, त्यावर अपेक्षेपेक्षा बरीच पत्रे आली. थंडीतल्या ताज्या भाज्या भरून केलेली करंजी आतड्यांच्या आरोग्यालाही उपकारक ठरेल अशा रीतीने करता येईल का, असा बहुतेक पत्रांचा रोख होता. त्यांतील पाच पत्रे येथे घेतली आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लांबले आहे, कारण कृती त्यातच आली आहे आणि पुढच्या उत्तरांचा आधार तीच आहे.

प्रश्न : आमच्या घरी दर जानेवारीत मटारच्या करंज्या होतात. पारी मैद्याची असते आणि करंज्या तळलेल्या असतात. माझ्या सासऱ्यांचे वय 71 आहे. त्यांना बद्धकोष्ठाचा जुना त्रास आहे आणि डॉक्टरांनी आहारात तंतुमय पदार्थ वाढवायला सांगितले आहे. करंजी हा त्यांचा जीव की प्राण. त्यांना चालेल अशी करंजी कशी करावी?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : अशी करंजी करता येईल, आणि चवीला उणे न येता करता येईल. मात्र कृतीकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करते. पोटासाठी गुणकारी असा एखादा खास घटक शोधून तो सारणात घालावा, असे काही नसते. मोठ्या आतड्यातील जिवाणूंना हवे असते ते आपल्या पाचकरसांना दाद न देता खालपर्यंत पोहोचणारे तंतुमय अन्न, आणि ते जितक्या निरनिराळ्या वनस्पतींतून येईल तितके चांगले. ‘अमेरिकन गट प्रोजेक्ट’ (‘गट’ म्हणजे आतडे) या प्रकल्पाचे 2018 साली जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांत आठवड्याला 30 हून अधिक प्रकारच्या वनस्पती खाणाऱ्यांच्या आतड्यांत, 10 किंवा त्याहून कमी प्रकार खाणाऱ्यांच्या तुलनेत, जिवाणूंची विविधता अधिक दिसली होती. ही निरीक्षणातून दिसलेली सांगड आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे, हे विसरू नये. परंतु तो आकडा वाचला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर प्रथम उभी राहिली ती भोगीची भाजी. संक्रांतीच्या आदल्या दिवशी मटार, पावटा, ओला हरभरा, घेवडा, गाजर, वांगे, शेवगा, ओले शेंगदाणे आणि तीळ एका पातेल्यात येतात आणि तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीबरोबर पानात पडतात. एका जेवणात दहा वनस्पती होतात. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ असे आपल्याकडे म्हणत आले आहेत, ते उगीच नव्हे. म्हणून माझी सूचना अशी की, केवळ मटारचे सारण करण्याऐवजी भोगीची भाजीच करंजीत भरावी.

त्यातील सगळ्याच भाज्या करंजीला चालत नाहीत. वांग्याला पाणी सुटते आणि त्याचा लगदा होतो; शेवग्याच्या शेंगेचा येथे काही उपयोग नाही. मी घेते ते असे : सोललेले मटार 250 ग्रॅम, ओल्या हरभऱ्याचे दाणे 100 ग्रॅम, किसलेले गाजर 100 ग्रॅम, पातीच्या कांद्याची लहान जुडी, मूठभर कोथिंबीर आणि भाजून भरड कुटलेले पांढरे तीळ 2 मोठे चमचे. पावटा मिळाला तर हरभऱ्याच्या निम्म्याइतका घालावा, पण त्याची साले काढून. साल राहिली तर सारण तोंडात चरबट लागते.

मटार आणि हरभरा कच्चेच, पाणी न घालता, मिक्सरमध्ये एक-दोन वेळा थांबत थांबत फिरवावेत. काही दाणे अर्धे, काही अख्खे राहिले पाहिजेत. कढईत 2 चहाचे चमचे तेल तापवून जिरे, हिंग आणि आले-हिरव्या मिरचीचे वाटण घालावे, त्यावर पातीच्या कांद्याचा पांढरा भाग, मग भरडलेले दाणे घालून झाकण ठेवून 5 ते 6 मिनिटे वाफ काढावी. झाकण काढून गाजर घालावे आणि मध्यम आचेवर सारण कोरडे होईपर्यंत परतावे. उलथन्याने मध्ये वाट पाडली की कढईचा तळ स्वच्छ दिसावा आणि त्या वाटेत ओल परतून येऊ नये, ही खूण. तिळाचे कूट, कांद्याची पात, कोथिंबीर, चिमूटभर साखर आणि लिंबाचा रस आच बंद केल्यावर घालावा. मीठही अगदी शेवटीच. त्याचे कारण पुढच्या उत्तरात येईल.

पारीसाठी 200 ग्रॅम गव्हाचे पीठ आणि 50 ग्रॅम ज्वारीचे पीठ घ्यावे. गव्हाचे पीठ गिरणीतून दळून आणलेले असेल तर ते चाळून कोंडा फेकू नये, कारण पारीचा सारा फायदा त्या कोंड्यातच असतो. मैद्यात 100 ग्रॅममागे तंतुमय भाग 3 ग्रॅमही भरत नाही, तोच अख्ख्या गव्हाच्या पिठात साधारण 11 ग्रॅम आणि ज्वारीत 10 ग्रॅमच्या घरात असतो. पिठात मीठ, हातावर चोळलेला अर्धा चमचा ओवा आणि 4 मोठे चमचे तेलाचे कडकडीत मोहन घालावे. मोहन चमच्याने मिसळून, सोसवेल इतके निवल्यावर, बोटांच्या टोकांनी पिठाला चोळून चोळून लावावे. मूठ आवळली की मुटका वळला पाहिजे आणि बोटाने टोचताच तो फुटला पाहिजे. मग 2 मोठे चमचे दही आणि लागेल तसे थोडे थोडे पाणी घालून घट्ट पीठ भिजवावे. ओल्या फडक्याखाली ते निदान अर्धा तास ठेवावे.

याच्या 16 लाट्या होतात. प्रत्येकीची चार ते साडेचार इंचांची पारी लाटून, गार झालेले सारण भरून, कडेला दुधाचे बोट लावून ती मिटावी आणि कातणाने कापावी किंवा मुरड घालावी. वरून तेलाचा हलका हात फिरवून 180 अंश सेल्सियसला आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये 25 ते 30 मिनिटे भाजावी. 18 मिनिटांच्या सुमारास एकदा उलटावी. एअर फ्रायर असेल तर 170 अंशांवर 15 ते 18 मिनिटे पुरतात. घरात दोन्ही नसतील तर जाड तव्यावर, झाकण न ठेवता, मंद आचेवर दोन्ही बाजूंनी आणि शेवटी कडेवर उभी करून शेकावी. वेळ लागतो, पण करंजी सुरेख होते.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येते. भाज्या, तीळ आणि पीठ मिळून सगळ्या 16 करंज्यांत मिळून तंतुमय भाग माझ्या अदमासे 45 ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे एका करंजीत पावणेतीन ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2,000 कॅलरींच्या आहारात सुमारे 30 ग्रॅम तंतू असावेत असे सुचवले आहे. तेव्हा तीन करंज्यांनी दिवसाच्या गरजेचा चतुर्थांश भाग भागतो. याच करंज्या मैद्याच्या पारीत केल्या तर हा वाटा जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटतो. सासऱ्यांना पहिल्या दिवशी मात्र तीन देऊ नयेत. कमी तंतूंची सवय असलेल्या आतड्याला एकाएकी भार दिला तर पोट फुगते. पहिल्या वेळी एक, दोन-तीन दिवसांनी दोन, असे वाढवत न्यावे आणि दिवसभर पाणी पुरेसे पोटात जाईल हे पाहावे. पाण्यावाचून कोंडा बद्धकोष्ठ वाढवतो. त्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारासाठी पाणी मोजून प्यायला सांगितले असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाणी वाढवू नये.

तळणाविषयी माझे मत कडक नाही. तळलेला पदार्थ जठरातून पुढे सरकायला अधिक वेळ घेतो, त्यामुळे जड वाटते आणि आम्लपित्त असणाऱ्यांच्या छातीत जळजळते; आपल्या सासऱ्यांसाठी भाजलेली करंजी बरी ती एवढ्यासाठी. घरातल्या इतरांसाठी वर्षातून एक-दोनदा तळल्या तर काही बिघडत नाही. आतले सारण आणि पारीतला कोंडा तळल्याने नाहीसा होत नाही.

प्रश्न : गव्हाच्या पिठाची करंजी मी तीनदा करून पाहिली. एकदा पारी चामड्यासारखी चिवट झाली आणि दोनदा खालची बाजू ओली होऊन ट्रेला चिकटली. मैद्याशिवाय करंजी खुसखुशीत होतच नाही, असे माझी आई म्हणते. तिचे खरे मानावे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या आईंचा अनुभव खरा आहे, पण तो मैद्याच्या रीतीने गव्हाचे पीठ वापरण्याचा आहे. साट्याच्या, म्हणजे थरांत तूप-पिठाचा लेप लावलेल्या, करंजीचे पीठ आपल्याकडे बत्त्याने कुटतात, ते मऊसूत होईपर्यंत. मैद्याला ते मानवते, कारण साट्याचे थर त्या मळलेपणाला पुन्हा सोडवतात. आपण साटा लावत नाही आहोत. गव्हाचे पीठ पाण्यासह मळले की त्यातील प्रथिनांचा चिवट धागा तयार होतो, पोळीला तो हवाच असतो, करंजीला नको असतो. कडकडीत मोहन पिठाच्या कणांवर तेलाचा लेप चढवते आणि त्या धाग्याला धरू देत नाही. म्हणून मोहन चोळण्यात दहा मिनिटे गेली तरी चालतील, पाणी घातल्यावर मात्र पीठ गोळा होण्यापुरतेच एकत्र करावे, मळू नये. गोळा थोडा खडबडीत दिसला तरी काळजी नको. कोंडा पाणी सावकाश पितो; अर्ध्या तासाने फडके काढाल तेव्हा तोच गोळा गुळगुळीत झालेला दिसेल. ज्वारीच्या पिठात तो चिवट धागा तयारच होत नाही, म्हणून पाचवा हिस्सा ज्वारी घातली की खुसखुशीतपणा हमखास येतो. याहून जास्त घातली तर पारी लाटताना कडेला फाटते.

ओलसर तळाचे कारण सारणात आहे, आणि ते मला एका भोगीच्या दिवशी चांगलेच समजले. सकाळची घाई होती म्हणून मी गाजर किसून त्यावर मीठ आणि लिंबू घालून ठेवले, सारण कोमट असतानाच भरले आणि सगळ्या करंज्या भरून झाल्यावर एकदमच ओव्हनमध्ये घातल्या. पहिली करंजी भरल्यापासून शेवटची भरेपर्यंत चाळीस मिनिटे गेली होती. ट्रे बाहेर काढला तर वरून सोनेरी दिसणाऱ्या सोळाही करंज्यांचा तळ ट्रेवरच राहिला, आणि उचललेल्या करंजीतून सारण खाली पडले. मीठ भाजीतले पाणी बाहेर ओढते, कोमट सारणाची वाफ आतल्या आत पारीवर धरते आणि भरून ठेवलेली कच्ची पारी ते पाणी शोषत राहते. त्या दिवशी या तिन्ही चुका एकत्र आल्या होत्या.

तेव्हापासून सारण परातीत पसरून पंख्याखाली पूर्ण गार करते. परातीच्या खालच्या बाजूला हात लावून पाहावा, वरून गार वाटणारे सारण मध्यभागी बराच वेळ ऊन असते. तिळाचे कूट उरलासुरला ओलावा टिपून घेते. तीळ नसतील तर एक मोठा चमचा भाजलेले बेसन त्याच कामाला येते. करंज्या आठ-आठच्या दोन घाण्यांत भाजाव्यात, म्हणजे भरलेल्या करंज्यांना थांबावे लागत नाही. रिकामा ट्रेही ओव्हनबरोबरच तापू द्यावा आणि करंज्या त्या गरम ट्रेवर ठेवाव्यात, म्हणजे तळ लगेच धरतो. झाल्यावर त्या ताटात एकावर एक रचू नयेत. जाळीवर सुट्या ठेवाव्यात.

उलटा दोषही सांगून ठेवते. सारण कमी भरले तर भाजताना ते आक्रसते आणि करंजी खुळखुळ्यासारखी वाजते. भाजीचे प्रमाण पारीपेक्षा किंचित जास्त असावे, म्हणजे 26 ग्रॅमच्या पारीला 30 ग्रॅम सारण. कडा मिटताना आतली हवा बोटाने दाबून काढावी आणि वर काट्याने दोन टोचे द्यावेत.

प्रश्न : मटार आणि पावटा खाल्ला की मला हमखास वायू धरतो. ‘गट हेल्थ’साठी कडधान्ये आणि शेंगा खा म्हणतात, पण मला तर त्यांनीच त्रास होतो. हिंग-ओवा दुप्पट घातला तर चालेल का? माझे वय 38 आहे.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपल्या त्रासाचे आणि मटारच्या गुणाचे मूळ एकच आहे. शेंगवर्गातील दाण्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज अशा नावांच्या शर्करा असतात. त्यांचे विघटन करणारे विकर आपल्या लहान आतड्यात नसते, त्यामुळे त्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यात उतरतात आणि तेथील जिवाणू त्या आंबवतात. या आंबण्यातून वायू तयार होतो. त्याच आंबण्यातून ब्युटिरेटसारखी लघुसाखळी मेदाम्लेही तयार होतात, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी आपली बरीचशी ऊर्जा ब्युटिरेटपासूनच मिळवतात. म्हणून निरोगी माणसाला जेवणानंतर थोडा वायू होणे हा बिघाड नव्हे. प्रश्न फक्त प्रमाणाचा आणि सवयीचा असतो. पंधरवडाभर मटार अजिबात न खाता एका संध्याकाळी पाच करंज्या खाल्ल्या तर कोणाचेही पोट तक्रार करील; तेच आठवड्यातून तीन-चारदा वाटीच्या चतुर्थांशाने सुरुवात केली तर बहुतेकांना काही आठवड्यांत फरक जाणवतो.

हिंग आणि ओवा अवश्य घालावा, त्यांनी बरे वाटते हा अनेक पिढ्यांचा अनुभव आहे आणि मीही त्यांच्याशिवाय मटारचे सारण करीत नाही. पण दुप्पट घालू नये, सारण कडवट होते. त्यापेक्षा कोवळे दाणे निवडावेत. शेंग फुगून पिवळसर झालेला, पिठूळ मटार पोटाला जड जातो आणि सारणातही गोडवा आणत नाही. पावटा आपल्याला सोसत नसेल तर सरळ वगळावा, मटार निम्मा करून गाजर आणि मेथी-पालक वाढवावा.

मात्र वायूबरोबरच पोटात वारंवार कळा येणे, कधी बद्धकोष्ठ तर कधी जुलाब होणे असेही असेल, तर तो ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’ असू शकतो आणि त्याचे निदान डॉक्टरांनी करायचे असते. त्यात कांदा, लसूण आणि गहू यांतील फ्रुक्टन या घटकाचाही त्रास होतो. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाने अशा रुग्णांसाठी आंबणाऱ्या शर्करा काही आठवडे कमी करून मग एकेक पदार्थ परत आणण्याची आहारपद्धती विकसित केली आहे; ती आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली आणि थोड्या काळासाठीच करायची असते, कारण जन्मभर तसे खाल्ले तर त्या जिवाणूंचीच उपासमार होते. त्या पद्धतीतील दोन गोष्टी स्वयंपाकात फार उपयोगी आहेत. पातीच्या कांद्याचा हिरवा भाग सहसा चालतो, पांढरा भाग चालत नाही. दुसरी अशी की, फ्रुक्टन पाण्यात उतरते पण तेलात उतरत नाही. म्हणून अख्ख्या लसणाच्या पाकळ्या तेलात गुलाबी तळून काढून टाकल्या आणि मग त्या तेलात ओल्या भाज्या घातल्या, तर लसणाचा स्वाद येतो आणि त्रास टळतो.

शौचातून रक्त जाणे, कारण नसताना वजन घटणे किंवा रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, यांपैकी काहीही असेल तर करंजी, हिंग, ओवा सगळे बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावे. वयाचा विचार करून थांबू नये.

प्रश्न : मी नऊ वर्षे लेस्टरला राहते. येथे ओला हरभरा, पावटा क्वचितच मिळतो. गोठवलेले मटार आणि तयार पफ पेस्ट्रीच्या पट्ट्या वापरल्या तर चालेल का? आणि पारीत दही घातल्याने त्यातील ‘प्रोबायोटिक’ जिवाणू मिळतात का?
– एक वाचक, लेस्टर, इंग्लंड

उत्तर : गोठवलेले मटार निःशंक वापरावेत. ते तोडल्यानंतर लवकरच वाफवून गोठवलेले असतात आणि त्यांतील तंतू कमी होत नाहीत. फक्त ते चाळणीत पूर्ण वितळू देऊन फडक्यावर कोरडे करावेत. बाकीच्या भाज्यांसाठी मात्र भारतातल्या हंगामाच्या मागे लागण्यापेक्षा तेथील हंगाम पाहावा. जानेवारीत इंग्लंडमध्ये लीक, केल, सव्हॉय कोबी, पार्सनिप आणि गाजर चांगले मिळते. लीक हे कांदा-लसणाच्याच कुळातले. त्याचा पांढरा भाग बारीक चिरून मंद आचेवर दहा मिनिटे घोळवला की पातीच्या कांद्याहून गोड होतो, आणि जिवाणूंना आवडणारे इन्युलिन त्यात असते. पार्सनिप किसून गाजराबरोबर घालावा. आले, मिरची, तीळ आणि लिंबू तेच ठेवावे.

पफ पेस्ट्रीला माझी नापसंती आहे. तीत मैदा असतो आणि आपल्या पारीच्या तुलनेत स्निग्धांश बराच जास्त असतो. तेथील चपातीच्या पिठाच्या पिशवीवर ‘होलमील’ असे लिहिलेले पाहून घ्यावे, कारण चपातीचे पीठ या नावाखाली अर्धेअधिक मैद्यासारखे पीठही विकले जाते. आपण राहता तेथील कॉर्निश पेस्टी ही करंजीची चुलतबहीणच म्हणावी लागेल : अर्धचंद्राकार, कडेला हाताने मुरड घातलेली, आत बटाटा, स्वीड (सलगमासारखा कंद) आणि गोमांस. 2011 पासून तिला युरोपात भौगोलिक संरक्षणही मिळाले. तिचे सारण कच्चेच भरतात आणि मंद आचेवर जवळजवळ तासभर भाजतात. तिच्याकडून मुरड जरूर घ्यावी, कच्चे सारण घेऊ नये, कारण आपली पारी पातळ असते.

दह्याविषयी. पारीत घातलेले दही पारीला मऊपणा आणि किंचित आंबट चव देते, जिवंत जिवाणू देत नाही. भाजताना करंजीच्या आतले तापमान जिथवर जाते तिथे दह्यातील जिवाणू तग धरत नाहीत. कढीचेही तसेच. ते जिवंत पोटात जावेत असे वाटत असेल तर करंजीबरोबर गार, न उकळलेले ताक घ्यावे. जिरे-हिंगाची फोडणी वरून दिली तरी भांडेभर ताक त्याने तापत नाही. ‘प्रोबायोटिक’ हा शब्द मात्र जपून वापरावा. ठरावीक जातीचे, पुरेशा संख्येने घेतल्यास प्रकृतीला फायदा देणारे जिवंत सूक्ष्मजीव, असा त्याचा नेमका अर्थ आहे, आणि घरच्या विरजणात कोणते व किती जिवाणू आहेत हे घरोघरी बदलते. घरचे ताक चांगलेच आहे. त्याला औषधाचे नाव देण्याची गरज नाही.

प्रश्न : आम्ही नागपूरचे. थंडीत आमच्याकडे पुडाची वडी म्हणजे सांबारवडी होते. तिलाही असेच पौष्टिक रूप देता येईल का? शिवाय माझ्या पुतणीला सिलिअॅक आजार आहे, तिला गहू अजिबात चालत नाही. तिच्यासाठी काय करावे?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : सांबारवडीला हात लावू नये, असे मला मनापासून वाटते. जुड्याच्या जुड्या कोवळा सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडून, धुऊन, सावलीत कोरडा करून, खसखस, सुके खोबरे आणि चारोळीबरोबर परतला की त्याचा जेमतेम पातेलेभर ऐवज होतो, आणि ती तळलेली वडी कढीबरोबर खाण्यातच तिचे सारे सौंदर्य आहे. ओव्हनमध्ये तिची पारी कडक होते आणि आतला सांबार वाळून काळा पडतो. थंडीत दोनदा करावी, मनसोक्त खावी. पोटासाठी करायचेच असेल तर तुरीच्या ओल्या दाण्यांची, म्हणजे सोल्यांची करंजी करावी. वर दिलेल्या कृतीत मटारच्या जागी सोले घ्यावेत, ते किंचित निबर असल्याने वाफ आठ मिनिटे काढावी.

पुतणीच्या बाबतीत मात्र ज्वारी मिसळून गहू कमी करणे हा मार्गच नाही. सिलिअॅक आजारात गव्हाचा अल्पसा अंशही लहान आतड्याच्या अस्तराला इजा करतो. तिच्यासाठी तांदळाच्या पिठीची उकड काढावी, मोदकाला काढतो तशीच, पाण्यात चमचाभर तेल आणि मीठ घालून. ऊन असतानाच ती मळून, पारी हाताने करून, सारण भरून करंजी मिटावी आणि 10 ते 12 मिनिटे वाफवावी. कोकणात उरलेल्या उकडीत मिरची-जिरे घालून निवगऱ्या करतात, त्याच चवीच्या जवळ जाणारी ही करंजी आहे. वर चमचाभर तूप हवे.

दोन ठिकाणी फार सावध राहावे. बाजारात मिळणारा डबीतला हिंग शुद्ध नसतो, त्यात बहुधा मैदा किंवा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. डबीवरचे घटक वाचून तांदळाच्या पिठीत केलेला हिंग आणावा, तसा न मिळाल्यास हिंग वगळून आले आणि जिरे वाढवावे. दुसरी गोष्ट गिरणीची. एकाच जात्यावर आधी कोणाचा गहू दळला असेल तर त्याचे पीठ आपल्या तांदळाच्या पहिल्या दोन-तीन किलोंत मिसळून येते, आणि आधी थोडे धान्य दळून जाते साफ होईल यावर विसंबता येत नाही. तिची पिठी घरच्या, गहू कधीच न दळलेल्या यंत्रावर किंवा धुऊन वाळवलेल्या तांदळाची मिक्सरमध्ये करावी. लाटणे, पोळपाट आणि पीठ चाळण्याची चाळणी तिच्यासाठी वेगळी ठेवावी, आणि करंज्या एकाच दिवशी दोन्ही प्रकारच्या करायच्या असतील तर तिच्या करंज्या आधी कराव्यात.